मुशीचा चावा, मोरीचा रस्सा

फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीपात्रात मासे पकडायला गेलेल्या एका तरुणाच्या पायाला शार्कने चावा घेतला. गुडघ्याखाली गंभीर जखम झाली. बातमी सगळीकडे झळकली, चित्रफिती मोबाइलवर फिरल्या आणि शनिवार-रविवारी अलिबाग, दिवेआगरला जाणाऱ्या पुणेकरांनाही समुद्रात उतरावे की नाही असा प्रश्न पडला. गंमत अशी की, शार्कच्या भीतीने पाण्यात न उतरणाऱ्यांपैकी कित्येक जण तोच मासा आवडीने खातात. पुण्यातल्या मासळी बाजारात आणि मालवणी खानावळींत ‘मोरी’ म्हणून जो मासा मिळतो, तो शार्कच. मराठीत शार्कला मुशी म्हणतात. लहान असली की ती मोरी. ‘शार्क’ म्हटले की जबडा डोळ्यांपुढे येतो, ‘मोरी’ म्हटले की वाटणाचा वास येतो.

आधी चाव्याचे पाहू, कारण ते लवकर आटोपते. जगभरातील अशा घटनांची नोंद अमेरिकेतील फ्लोरिडा येथे ‘इंटरनॅशनल शार्क अटॅक फाइल’मध्ये ठेवली जाते. माणसाने काहीही न छेडता शार्क चावल्याच्या २०२४ मधील नोंदी सगळ्या जगात मिळून ४७, आणि त्यांतील मृत्यू ४. भारतात एकट्या सर्पदंशाने दरवर्षी सुमारे ५८ हजार माणसे दगावतात, असा ‘मिलियन डेथ स्टडी’चा अंदाज आहे. कोकणातल्या मच्छीमाराला शार्कपेक्षा तिच्याच नात्यातले पाकट जास्त छळते. जाळे उपसताना पाकटाचा शेपटीवरचा काटा हातात किंवा पायात घुसतो आणि वेदनेने माणूस कळवळतो. त्यावर सोसेल इतक्या, पण ४५ अंशांपेक्षा जास्त नाही अशा गरम पाण्यात तो भाग तास-दीड तास बुडवून ठेवणे हा साधा आणि गुणकारी उपाय आहे. त्यानंतर धनुर्वाताचे इंजेक्शन आणि काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना, याची तपासणी. शार्कच्या चाव्यात मात्र जीव जातो तो रक्तस्रावाने. तिथे पहिली काही मिनिटे जखम घट्ट दाबून धरणे, रक्त थांबतच नसेल तर जखमेच्या वरच्या बाजूला रुंद पट्टा करकचून आवळणे, हेच महत्त्वाचे. दातांची मापे आणि जातीची चर्चा नंतर.

वैतरणेतला मासा ‘बुल शार्क’ जातीचा असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. ही जात खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात सहज जाते आणि तिच्या माद्या पिल्ले घालण्यासाठी नदीमुखांत, खाड्यांत शिरतात. बाळंतपणाला माहेरी येण्यासारखेच ते. शार्कच्या रक्तातले युरियाचे प्रमाण कोणत्याही डॉक्टरला चक्रावून टाकणारे असते. माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण १५ ते ४० मिलिग्रॅम युरिया असतो. तो २०० च्या पुढे गेला की रुग्णाला डायलिसिस लागणार का, याचा विचार सुरू होतो. समुद्रातल्या शार्कच्या रक्तात हाच आकडा दोन हजारांच्या घरात असतो आणि ती ठणठणीत असते. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने शरीरातले पाणी शोषून घेऊ नये म्हणून ती युरिया बाहेर न टाकता साठवून ठेवते. बुल शार्क नदीत शिरली की तिची मूत्रपिंडे हा साठा कमी करून पातळ लघवी भरपूर प्रमाणात बाहेर टाकू लागतात. बहुतेक शार्कना हे जमत नाही.

या युरियाचा संबंध थेट स्वयंपाकघराशी आहे. मासा मेला की जंतू युरियाचे अमोनियात रूपांतर करतात, म्हणून शिळ्या मुशीला उग्र दर्प येतो. मोरी ताजीच घ्यावी, कढत पाण्यात बुडवून तिची खरखरीत कातडी काढावी, पुन्हा स्वच्छ धुवावी आणि मग मटणासारखा झणझणीत मसाला घालून करावी, ही कोकणी घरांतली रीत शरीरक्रियाशास्त्राला धरूनच आहे. शिवाय शार्कला हाडे नसतात, असते ती कूर्चा. त्यामुळे घशात काटा अडकायची भीती नाही. लहान मुलांना आणि दात पडलेल्या म्हाताऱ्यांना हा मासा बिनघोर देता येतो.

आणि बाळंतिणीला. किनारपट्टीवरच्या अनेक घरांत बाळंतिणीला मोरी खाऊ घालतात. मोरीने दूध वाढते, असा पक्का समज आहे. देशावर जे स्थान अळिवाच्या खिरीला आणि डिंकाच्या लाडवाला, तेच किनाऱ्यावर मोरीच्या रश्श्याला. पुण्यात स्थायिक झालेली कोकणातली कुटुंबेही सून किंवा लेक बाळंत झाली की मोरी शोधत बाजारात जातात.

या समजुतीला आधार किती? मोरी खाल्ल्याने आईचे दूध वाढते, हे दाखवणारी नीट केलेली चाचणी उपलब्ध नाही. दूध तयार होते ते बाळाच्या चोखण्याने. बाळ जितक्या वेळा अंगावर पिते, तितक्या वेळा आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही संप्रेरके स्रवतात. पहिले दूध बनवते, दुसरे पान्हा सोडते. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी लावणे, रात्रीही पाजणे, आईला झोप आणि पोटभर जेवण मिळणे, या गोष्टींची बरोबरी कोणताही मासा करणार नाही. पण समजुतीच्या मुळाशी शहाणपण नव्हते, असेही म्हणता येत नाही. गरीब कोळी किंवा भंडारी कुटुंबातल्या अशक्त बाईला बाळंतपणानंतर भरपूर प्रथिने असलेला, पचायला हलका, बिनकाट्याचा मासा मिळावा आणि तो तिच्याच ताटात पडावा, यासाठी ‘त्याने दूध येते’ यापेक्षा प्रभावी युक्तिवाद कोणता? सासूही त्यापुढे गप्प बसते.

परंपरेने बाळंतिणीला जी मोरी दिली जाई, ती बहुतांशी एका विशिष्ट छोट्या जातीची. शास्त्रीय नाव ‘स्कोलिओडॉन लॅटिकॉडस’. खोऱ्याच्या पात्यासारख्या चपट्या नाकाची, पाऊण मीटरच्या आतली ही मुशी महाराष्ट्र आणि गुजरातच्या उथळ समुद्रात मोठ्या संख्येने सापडते. जीवशास्त्रज्ञांना तिचे फार अप्रूप आहे, कारण तिला वार असते. माशांपैकी बहुतेक अंडी घालतात. काही शार्क पिल्लांना जन्म देतात. पण या छोट्या मुशीच्या अंड्यात पिवळा बलक जवळजवळ नसतोच. अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे. गर्भ जवळपास सगळे पोषण आईच्या रक्तातून, वार आणि नाळेमार्फत घेतो. माशांमध्ये इतकी विकसित वार दुसऱ्या कुणात आढळलेली नाही. पाच-सहा महिने गर्भ वाढवून ती एका वेळी साधारण डझनभर पिल्ले घालते आणि एक-दोन वर्षांत वयात येते. शार्कच्या मानाने हा वेग भलताच आहे.

वार जसे पोषण पोचवते तसे विषही पोचवते, आणि शार्कच्या बाबतीत ते विष म्हणजे पारा. कोळशाच्या धुरातून आणि कारखान्यांतून हवेत गेलेला पारा पावसाबरोबर समुद्रात उतरतो. तळच्या गाळातले जिवाणू त्याचे मिथिल पारा या घातक रूपात रूपांतर करतात. तो प्लवकात जातो, प्लवकातून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्यात. प्रत्येक पायरीला त्याचे प्रमाण वाढते. मुशी या उतरंडीच्या वरच्या टोकाला, शिवाय दीर्घायुषी. वीस वर्षे मासे खाल्लेल्या मोठ्या शार्कच्या अंगात वीस वर्षांचा पारा साठलेला असतो. हा पारा स्नायूंतल्या प्रथिनांना घट्ट चिकटतो. कढत पाण्याने युरिया आणि वास निघून जातो, पारा जात नाही. उकळा, तळा, कोकम घाला, फरक पडत नाही.

माणसात मिथिल पाऱ्याचा मुख्य घाव बसतो तो वाढत्या मेंदूवर. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये या विषबाधेची पहिली नोंद झाली. तिथे स्वतः फारशी लक्षणे नसलेल्या मातांच्या पोटीही मेंदूला गंभीर इजा झालेली मुले जन्मली. मिनामातातील प्रदूषण टोकाचे होते, ताटातल्या माशाशी त्याची तुलना होऊ शकत नाही. पण वारेतून पारा गर्भाकडे सहज जातो आणि बाळाच्या नाळेतल्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षाही जास्त, सुमारे पावणेदोनपट असतो, हे पुढे अनेक ठिकाणी दिसून आले. म्हणूनच ब्रिटनची आरोग्यसेवा गर्भवतींना, गर्भधारणेची तयारी करणाऱ्या स्त्रियांना आणि सोळा वर्षांखालील मुलांना शार्क अजिबात खाऊ नका, असे सांगते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी टाळावयाच्या माशांच्या यादीत शार्क ठेवला आहे.

हिशेब सोपा आहे. अमेरिकी प्रशासनाच्या तपासण्यांत शार्कच्या मांसात किलोमागे सरासरी सुमारे १ मिलिग्रॅम पारा आढळला. तारलीच्या कुळातल्या माशांत हाच आकडा ०.०१३. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने ठरवलेली मिथिल पाऱ्याची मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम. म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी आठवड्याला ८८ मायक्रोग्रॅम. मोठ्या शार्कच्या १०० ग्रॅम मांसात, म्हणजे एका वाटीभर मटणात, १०० मायक्रोग्रॅम पारा असू शकतो. सात दिवसांची मर्यादा एका जेवणात ओलांडली जाते. तेवढाच पारा तारलीतून जायला साडेसात किलो तारली खावी लागेल.

इथे घाबरून जाण्याचे कारण नाही. एक म्हणजे हे आकडे मोठ्या शार्कचे आहेत. एक-दोन वर्षांच्या छोट्या मुशीला पारा साठवायला वेळच मिळालेला नसतो, तिच्यात प्रमाण तुलनेने कमी असते. दुसरे, आईच्या दुधातून पारा वारेच्या मानाने कितीतरी कमी जातो. म्हणजे बाळंतिणीने खाल्लेल्या छोट्या मोरीपेक्षा गर्भारपणात खाल्लेली मोठी मुशी जास्त काळजीची. गंमत पाहा, घरातली मंडळी गर्भारशीने पपई खाल्ली की हवालदिल होतात आणि मुशीचे तुकडे मात्र ‘ताकद येईल’ म्हणून वाढतात. तिसरे, रक्तातला पारा निम्मा व्हायला सुमारे दीड-दोन महिने लागतात. त्यामुळे दिवस राहिल्याचे कळल्यावर मोठे शिकारी मासे बंद करणे चांगलेच, पण मूल हवे असेल तर ते आधीपासून बंद करणे अधिक चांगले. एकदा-दोनदा खाल्ले म्हणून कुणी गर्भाविषयी धसका घ्यायची गरज नाही.

मासे मात्र बंद करू नयेत. पाऱ्याच्या बातम्या वाचून गर्भवती मासेच सोडते, हे तितकेच वाईट. बाळाच्या मेंदूला लागणारी ओमेगा-३ स्निग्धाम्ले माशांतून उत्तम मिळतात. तारली, बांगडा, मांदेली, बोंबील हे लहान, कमी आयुष्याचे मासे पुण्यात सहज आणि बहुधा स्वस्तात मिळतात. खूप मोठ्या सुरमईच्या बाबतीतही हात आखडता घ्यावा, हे खवय्यांना रुचणार नाही, पण सांगणे भाग आहे. अमेरिकेच्या त्या यादीत सुरमईचीच एक मोठी चुलत बहीण आहे.

खरी अडचण आता पुढे आली आहे. ‘मोरी’ हे नाव तेच राहिले, पण टोपलीतला मासा बदलत चालला आहे. हातोड्याच्या आकाराच्या डोक्याची हॅमरहेड किंवा काळ्या टोकाच्या परांची ब्लॅकटिप यांची पिल्ले जन्मतात तेव्हाच साधारण हातभर लांब असतात, म्हणजे जवळपास पूर्ण वाढलेल्या छोट्या मुशीएवढी. डोके उडवून कातडी सोलली की दोन्ही सारखीच दिसतात. त्यातही मोठ्या शार्कच्या पिल्लाला आईच्या पोटातच तिच्याकडून पारा मिळालेला असतो, असे काही जातींच्या अभ्यासांत दिसून आले आहे. छोट्या मुशीचे दरवर्षी होणारे बाळंतपण आणि दहा-पंधरा वर्षांनी वयात येणाऱ्या हॅमरहेडचे बाळंतपण, यांत जमीन-अस्मानाचा फरक. हॅमरहेडची एक जात आज नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर, जागतिक यादीत सर्वांत धोक्याच्या गटात आहे. छोटी मुशीही आता ‘धोक्याच्या जवळ’ या गटात नोंदली गेली आहे.

या खाण्याला पर्यटनाने नवा हातभार लावला. भारतीय संशोधकांच्या एका पाहणीत किनारी राज्यांतील अडीच हजारांहून अधिक मासळीच्या उपाहारगृहांपैकी साधारण दर दहांतील एकात शार्क मिळत असल्याचे आढळले. गोव्यात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या पुढे होते. महाराष्ट्रात बरेच कमी. घरात बाळंतिणीपुरती येणारी मोरी वेगळी आणि ‘बेबी शार्क’ म्हणून पर्यटकाच्या ताटात रोज जाणारी वेगळी. पहिलीमागे पिढ्यांची समजूत आहे, दुसरीमागे फक्त हौस.

वैद्यकानेही शार्ककडून बरेच उकळले आहे. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाच्या तेलाची आयात अडली, तेव्हा मुंबई, मद्रास आणि त्रावणकोरमध्ये शार्कच्या यकृतापासून तेल काढण्यात आले. त्यात ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर. रातांधळेपणाच्या आणि कुपोषणाच्या त्या काळात ते मोलाचे होते. पुढे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत बनू लागले आणि शार्कची त्यातून सुटका झाली. मग आली कूर्चा. ‘शार्कना कॅन्सर होत नाही’ असे सांगणारे पुस्तक १९९२ मध्ये अमेरिकेत गाजले आणि शार्कच्या कूर्चेच्या कॅप्सूलचा धंदा फोफावला. मुळात शार्कना कॅन्सर होतो, त्यांच्या गाठींची नोंद आहे. स्तन आणि आतड्याच्या वाढलेल्या कॅन्सरच्या रुग्णांवर २००५ मध्ये आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत कूर्चेचा काहीही उपयोग दिसला नाही. तरी आजही सांधेदुखीपासून कॅन्सरपर्यंत कशावरही हे डबे ऑनलाइन विकले जातात, आणि आधीच कर्ज काढून उपचार घेणारे रुग्ण ते मागवतात. त्यांनी तो पैसा प्रवासभाड्याला ठेवावा.

या सगळ्यात शार्कची स्थिती काय? जगभर माणूस दरवर्षी आठ कोटींच्या आसपास शार्क मारतो. खुल्या समुद्रातील शार्क आणि त्यांच्या नात्यातल्या पाकटांची संख्या १९७० नंतरच्या अर्धशतकात ७१ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. सर्वाधिक शार्क पकडणाऱ्या देशांत भारत वरच्या क्रमांकांवर आहे. आपल्याकडे व्हेल शार्कला २००१ पासून वाघाइतकेच कायदेशीर संरक्षण आहे. पर कापून धड समुद्रात फेकण्यावर २०१३ मध्ये आणि परांच्या निर्यातीवर २०१५ मध्ये बंदी आली.

पण मुशीसाठी मुद्दाम जाळे टाकणारे कोळी आता थोडेच. बोंबील, कोळंबीच्या जाळ्यात ती आपसूक येते, आणि वर खेचेपर्यंत बहुधा मेलेली असते. मेलेला मासा परत पाण्यात टाका, असे डिझेलचा खर्च डोक्यावर असलेल्या तांडेलाला सांगणे सोपे नाही. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि जाळे कापून त्याला सोडले, तर महाराष्ट्रात मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी २०१८ मध्ये सुरू केलेल्या या योजनेमुळे व्हेल शार्क आणि समुद्री कासवे सुटली आहेत. मात्र ती कायद्याच्या यादीतल्या जातींपुरतीच आहे. यादीबाहेरचे पिल्लू इतर मोरीबरोबर टोपलीत पडते आणि रात्रीत बर्फावरून पुण्याला येते.

सोललेल्या तुकड्यावरून जात ओळखायची तर जनुकीय चाचणी करावी लागते. अख्खा मासा समोर असेल, तर हातोड्यासारखे डोके किंवा परांची काळी टोके ओळखायला कोळणीला क्षणही लागत नाही.